उत्सवाचे ऋण

उत्सव कशासाठी, हा प्रश्न ज्यांच्या घरी उत्सव आहे त्यांना सहसा पडत नाही. शेत पिकले की नवान्न, पावसाळा ओसरू लागला की नारळी पौर्णिमेस समुद्राला श्रीफळ, अशी श्रमाची आणि सोहळ्याची गाठ आपल्याकडे पूर्वापार बांधलेली आहे. परंतु ज्या श्रमातून सोहळा जन्मला तो श्रमच नाहीसा झाला, तर मागे उरलेल्या सोहळ्यास काय म्हणावे? श्रद्धा, की नुसते सोंग? हा प्रश्न आम्ही एका दूरच्या गावाच्या उदाहरणाने वाचकांपुढे ठेवीत आहोत. परक्याच्या अंगणात आपलेच प्रश्न कधी कधी अधिक स्वच्छ दिसतात.

आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या एका अरुंद खाडीत सिग्लुफ्योर्दुर नावाचे गाव आहे. उत्तर ध्रुववृत्त तेथून पन्नास किलोमीटरही दूर नाही. 1903 साली नॉर्वेचे मच्छीमार तेथे हेरिंग मासा खारवण्यासाठी आले. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातील लहानसा, चंदेरी मासा. या माशाने त्या वस्तीचे रूप पालटले. ऐन भरात तेथे 23 ठिकाणी मासा खारवला जाई आणि पाच कारखान्यांत त्याचे तेल निघे. 1950 च्या सुमारास लोकसंख्या तीन हजारांवर गेली. नावा बंदरात शिरल्या की रात्र असो वा दिवस, बायका धक्क्यावर धावत, मासा साफ करून मिठाच्या थरांत पिंपे भरीत. प्रत्येक पिंपामागे एक बिल्ला मिळे. तो बुटात टाकायचा आणि शेवटी मोजून मजुरी घ्यायची. पुष्कळ मुलींच्या हाती स्वतःच्या कमाईचा पहिला पैसा आला तो याच धक्क्यावर.

1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस हेरिंग दिसेनासा झाला. समुद्राचे पाणी थंड झाले, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण माणूस. पाण्याखालचे थवे हुडकणारी यंत्रे आली, अवजड जाळी ओढणारी यंत्रे आली, आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावर तर कोवळी पिलावळही उपसली गेली. पुढे कडक निर्बंध लागले, आणि दोन-अडीच दशकांनी हा मासा सागरात पुन्हा वाढला. पण सिग्लुफ्योर्दुरचे ते दिवस परतले नाहीत. आज तेथे बाराशेच्या आसपास माणसे राहतात.

आता उत्सवाकडे वळू. 1907 साली बांधलेल्या एका जुन्या खारवण-घराची लोकांनी डागडुजी केली आणि 1994 साली तेथे हेरिंगचे संग्रहालय उघडले. उन्हाळ्यात त्याच्यासमोरच्या धक्क्यावर जुन्या वेषातील स्त्रिया पाहुण्यांदेखत मासा खारवून दाखवितात, अकॉर्डियन वाजते, लोक नाचतात. ऑगस्टच्या आरंभी भरणारा हेरिंगचा उत्सव 1991 साली सुरू झाला, म्हणजे मासा गेल्यावर वीस वर्षांहून अधिक काळाने. येथे कोणी आक्षेप घेईल की हा देव्हारा रिकामा आहे. पोटासाठी केलेल्या कष्टांचे हे नाटक झाले, आणि पाहुण्यांच्या पैशासाठी केलेले नाटक म्हणजे उत्सव नव्हे.

हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. तथापि त्याच गावातील आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नोव्हेंबरच्या मध्यापासून डोंगरांआड गेलेला सूर्य तेथे 28 जानेवारीच्या सुमारास पुन्हा दिसतो. त्या दिवशी मुले गाणी गातात, घरोघरी गोड घावन होतात. हा उत्सव कोणाच्या कमाईचा नव्हे. केवळ लाभलेल्या प्रकाशाचा आहे. दुसरी गोष्ट ब्यार्नी थॉर्स्टाइन्सन यांची. 1888 पासून या गावी धर्मोपदेशक असलेल्या या गृहस्थांनी देशातील लोकगीते सुमारे पाव शतक गोळा केली आणि 1906 ते 1909 या काळात छापून काढली. जुने दोन सुरांचे गायन तेव्हाच्या शिकलेल्यांस ग्राम्य वाटे. आज ब्यार्नींच्या जुन्या घरात लोकसंगीताचे केंद्र आहे आणि दर जुलैत गावात संगीतोत्सव भरतो. ती गीते हेरिंगच्या आधीची. हेरिंग गेल्यावरही राहिली.

गोमंतकातील आपल्या वाचकांस येथे स्वतःचा इतिहास आठवल्यावाचून राहणार नाही. 1560 साली कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणावा लागला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. घरदार, शेत, जुने तळे सारे मागे राहिले. आमच्याकडे स्थान गेले, देव राहिला. सिग्लुफ्योर्दुरास स्थान राहिले, देव गेला. मूळ गाभाऱ्याची जागा हरपली म्हणून पालखी खोटी ठरली, असे आपल्यापैकी कोणी म्हणाले नाही. मग धक्क्यावरचे ते मीठ तरी खोटे कसे म्हणावे?

आमच्या मते उत्सवाचा खरेपणा त्याच्या जुन्या कारणावर अवलंबून नाही. तो ऋण मानण्यावर अवलंबून आहे. आपल्या शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले, आणि नित्याच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञास, म्हणजे मुक्या जीवांच्या वाट्यास, स्थान दिले. सूर्याचे घावन हे देवऋण, ब्यार्नींची गीते हे ऋषिऋण, बिल्ला बुटात टाकणाऱ्या आज्यांचा वेष नातींनी अंगावर घेणे हे पितृऋण. जूनच्या पहिल्या रविवारी आइसलंडभर खलाशांचा दिवस पाळतात आणि समुद्रात बुडालेल्यांचे स्मरण करतात, तेही पितृऋणच. उरले भूतऋण, आणि तेच सर्वांत अवघड आहे. ज्या माशाने गाव उभे केले त्याला माणसाच्या हव्यासाने जवळजवळ संपविले. धक्क्यावरच्या नृत्यात हे स्मरण असेल तर तो उत्सव. केवळ सोन्याच्या दिवसांची फुशारकी असेल तर ती जत्रा.

हीच कसोटी आम्ही आमच्या पालखीस लावली पाहिजे. आपण मिरवितो ते केवळ पूर्वजांचे वैभव, की त्यांनी सोसलेले आणि ज्यांच्या जिवावर ते जगले त्यांचे देणेही? देवळाचा कळस सोन्याचा करणे सोपे आहे. ज्या तळ्याचे पाणी देवाला चढते ते तळे निर्मळ राखणे कठीण. पण ऋण फिटते ते या कठीण कामानेच, आणि ते करणाऱ्या गावाला उत्सवाचा अधिकार कोणाकडे मागावा लागत नाही.