दारी आलेले अन्न

भुकेल्यास अन्न द्यावे याविषयी आपल्यात दुमत नाही. परंतु अन्नाने चालत जावयाचे की भुकेल्याने चालत यावयाचे, हा प्रश्न आपल्या दानधर्माने क्वचितच विचारला आहे. माधुकरी मागणारा विद्यार्थी घरोघर फिरे, वार लावलेला मुलगा रोज नव्या घरी जेवावयास जाई, अन्नछत्राची पंगत तर देवस्थानाच्या आवारातच बसे. 2020 साली महाराष्ट्र सरकारने सुरू केलेली शिवभोजन थाळीदेखील केंद्रावर जाऊन घ्यावयाची अशीच योजिलेली होती. पायांत बळ आहे, हे या साऱ्यांत गृहीतच धरलेले. ज्याला चुलीपुढे बसवत नाही त्याला बहुधा उंबरठाही ओलांडवत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या औदार्याची मर्यादा कळते.

अन्नाने चालत जाण्याचा एक जुना प्रघात मात्र आपल्याकडे आहे, आणि तो दानात मोडत नाही. घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही. तेव्हा सोयरेधायरे, शेजारीपाजारी पिठले-भाकरी घेऊन येतात. यालाच कडू घास म्हणतात. हा घास घेताना कोणाचीही मान खाली जात नाही. आज घेणारा उद्या देणार, हे उभयतांस ठाऊक असते. मिंधेपणा येतो तो अन्न घेण्याने नव्हे, ते फेडता न येण्याने.

मग जो कधीच फेडू शकणार नाही त्याच्या दारी अन्न कोणत्या नात्याने न्यावे? 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डब्यांची व्यवस्था उभी केली तेव्हा हा प्रश्न उद्भवला नाही. जेवणारा कमावता होता, मोल देत होता. 1943 साली, महायुद्ध चालू असताना, ब्रिटनमधील स्वयंसेविका वृद्धांच्या घरी गरम जेवण पोहोचवू लागल्या. त्या सेवेतही अल्पशी किंमत घेतली जाई. ही तोड सभ्य खरी, पण ज्याच्या गाठी तेवढेही नाही त्याचे काय?

डबेवाल्यांची जुन्नरकडील गावे माळशेज घाटाच्या वर. घाट उतरला की मुरबाड. येथील व शेजारच्या शहापुरातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. पाड्यावर उरतात ते म्हातारे. (याच शहापुरातील भातसा-तानसाचे पाणी मुंबईत घराघरांत पोहोचते, तेव्हा अंतराची सबब कोणी सांगू नये.) शिजवण्याची सोय नाही असेही नव्हे. 2015 साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील अंगणवाड्यांतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण देण्याची तरतूद झाली. ते मातेने तेथेच बसून खावे, अशी अपेक्षा. कारण घरी नेले तर त्याचे वाटे पडतील. मातेपुरती ही भीती रास्त आहे. पण म्हातारीने आपल्या भाकरीतला चतकोर मागे राहिलेल्या नातवाला दिला, तर तिला अडवण्याचा अधिकार आणणाऱ्यास आहे काय? मला तरी तसे वाटत नाही. तेवढे देणे तिच्या हाती राहू द्यावे.

राहता राहिली फेड. त्या म्हातारीने आयुष्यभरात किती सुतकी घरांत भाकऱ्या नेल्या असतील, किती बाळंतिणींची चूल सांभाळली असेल! तो हिशेब कोणी मांडलेला नाही, आणि ज्यांच्याकडे तिचे येणे आहे ते बहुतेक भट्टीवर विटा थापीत असतात. एकाचे देणे दुसऱ्याने वारावे हा व्यवहार आपण सावकारीत मान्य करतो. तो येथेच का नाकारावा? अंगणवाडीच्या चुलीवर चार माणसांचे अधिक शिजले तर पुष्कळ होईल. मात्र ते पाड्याच्या टोकापर्यंत नेणाऱ्या बाईला त्याचा मेहनताना मिळाला पाहिजे. तिच्या डोक्यावर नवे ओझे ठेवून आपण ऋणमुक्त झालो असे मानणे हा साळसूदपणा होईल. आणि डबा उंबऱ्यावर ठेवून तिने तशीच पाठ फिरवू नये. कालची आमटी कशी झाली होती, एवढे विचारावे. फार तिखट होती असे म्हातारीने खडसावून सांगितले, तर दुसऱ्या दिवशी तिखट कमी घालावे.