भुताची साक्ष

आपला खून कुणी केला हे मेलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं, पण त्याची फिर्याद कुठलंच ठाणं घेत नाही. १९६९ साली ब्रिटिश टीव्हीवर आलेली 'रँडल अँड हॉपकर्क (डिसीज्ड)' ही मालिका एवढ्या एका अडचणीवर २६ भाग चालली. दोघे भागीदार खासगी गुप्तहेर. त्यातला मार्टी गाडीखाली मारला जातो आणि भूत होऊन परततो. दिसतो मात्र फक्त जेफला. भिंतीतून आरपार जाऊन तो कारस्थानं ऐकून येतो आणि पुराव्यासाठी वणवण करत मार खातो बिचारा जेफ. वर लोक म्हणतात, हा हवेशी बोलतो.

२००० साली बीबीसीने ती नव्याने केली. भुताला शक्ती दिल्या, त्या शिकवायला वर परलोकातला एक गुरूही दिला. मालिका देखणी झाली, पण माझ्या मते तिचा कणा तिथेच वाकला. भूत जितकं समर्थ, तितका गुप्तहेर रिकामटेकडा. भुताकडे माहिती असावी, पुरावा नसावा. सगळी गंमत या दोहोंमधल्या अंतरात आहे.

आपल्याकडे महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'ने (१९९३) हे अचूक हेरलं होतं. मूळ कल्पना हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'ची, पण रामदास पाध्यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डेंचा लक्ष्या अस्सल इथले. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या जीव तोडून सांगतो आणि कुणी मानत नाही, कारण लक्ष्याचा धंदाच मुळी बाहुल्यांना बोलायला लावण्याचा! साक्षीदार खरा, पण साक्ष कवडीमोल. २०१३ मध्ये दुसरा भाग थ्रीडीत आला. बाहुल्यातला तात्या विंचू पडद्याबाहेर आला खरा, पण लक्ष्याची ती केविलवाणी धडपड त्या चष्म्यातून काही दिसली नाही.

आजच्या मराठी टीव्हीसाठी असं काही करायचं झालं, तर मी ते पारशिवनीत घडवीन. नागपूर जिल्ह्याच्या या तालुक्यात पेंचचं जंगल आहे, जवळच तोतलाडोह धरणाचं पाणी आहे आणि पलीकडे लगेच मध्य प्रदेश. भूत वाऱ्यासारखं हद्द ओलांडेल. ठाणेदाराला मात्र रात्री जंगलात वनखातं हटकणार. का जाताय, या प्रश्नावर तो काय उत्तर देणार?

साक्षीदारांची तर इकडे ददातच नाही. चहाच्या टपरीवर चकव्याची गोष्ट निघते. "सोता पाह्यलं का?" "मी नाही, माह्या साळ्यानं पाह्यलं. मंग मी का खोटं बोलून राह्यलो?" साळ्याला गाठावं, तर त्याने ती मामाकडून ऐकलेली असते. कायद्याच्या भाषेत ही ऐकीव साक्ष. मृत्युपूर्व जबाब कोर्टात चालतो. मृत्युपश्चात जबाबाची सोय अजून कुणी केलेली नाही.

मात्र महाराष्ट्रात हा विषय नुसत्या हसण्यावारी नेता येत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे ते भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून घालणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं यांबद्दल. हे प्रकार घडत होते म्हणूनच ते तिथे आलं. त्यामुळे 'झपाटलेल्या' बाईवर विनोद करणारी मालिका मला नको. हसायचं ते भुताचा धंदा मांडून बसलेल्या बुवाला.

याच कायद्याने पोलीस दलात दक्षता अधिकाऱ्याचीही तरतूद केली आहे. बुवाबाजीवर नजर ठेवायची, पुरावा गोळा करायचा हे त्याचं काम. माझा नायक तोच. भूत दिसतं म्हणणाऱ्या बुवावर दिवसा गुन्हा दाखल करायचा आणि रात्री खुद्द आपल्याच मेलेल्या हवालदाराशी तपासाबद्दल हुज्जत घालायची. बोभाटा झाला तर पहिली चौकशी त्याचीच. इतकी सोन्यासारखी कोंडी ब्रिटिश लेखकांनाही मिळाली नव्हती.

म्हणून वाहिन्यांना एकच विनंती. असं काही करणार असाल तर ग्राफिक्सचा निम्मा खर्च वाचवा, आणि त्या पैशांत फौजदारीचा एक वकील आणि एक निवृत्त ठाणेदार लेखकांसोबत बसवा.