जे मागाहून बसवता येत नाही

15 ऑगस्ट 2020 रोजी महिंद्राने नवी थार लोकांसमोर आणली आणि 2 ऑक्टोबरला, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्या दिवशी, तिची विक्री सुरू झाली. तेव्हापासून जुन्या थारच्या मालकांची एक चर्चा थांबलेली नाही. 2010 साली आलेली, मागे पाटे असलेली, कापडी हुडाची आपली गाडी ठेवायची की विकून नवी घ्यायची? 2010च्या अखेरीस पासिंग झालेल्या पहिल्या गाड्यांना 2025 मध्ये पंधरा वर्षं भरली. आता नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत जावंच लागतं, आणि टाळत आणलेला निर्णय त्या रांगेत उभं राहून घ्यावा लागतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न जवळचा आहे. महिंद्राने विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली ती 1940च्या दशकाच्या अखेरीस. नवी थार नाशिकला तयार होते. खडकाळ वाटेवर गाडी कशी चालवायची हे शिकवणारी महिंद्राची अकादमी इगतपुरीला आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी एसटीच्या फेऱ्यांमधला काळ वडापच्या जीपमध्ये बसून काढला. त्यामुळे जुनी जीप विकायची म्हटलं की घरातल्या थोरांचाही त्यात शब्द असतो, आणि तो रास्तच आहे.

चर्चा बहुतेक वेळा आकड्यांवरून सुरू होते. जुन्या थारचं 2498 सीसीचं डिझेल इंजिन 105 अश्वशक्तीचं, नवीचं 2.2 लिटरचं डिझेल 130चं आणि पेट्रोल 150चं. जुनीची जमिनीपासूनची उंची 200 मिलिमीटर, नवीची 226. चढाला भिडताना पुढचा बंपर किती अंशांच्या चढापर्यंत अडत नाही, या मोजमापात जुनी 44 अंशांसह सरस आहे, नवी 41.8वर थांबते. उतरताना मात्र नवी 36.8 अंशांपर्यंत मोकळी राहते आणि जुनीची शेपटी 27 अंशांनाच टेकते. हे सारं खरं आहे, पण यातून निर्णय निघत नाही. एका खड्ड्यात जुनी जिंकेल, पुढच्या ओढ्यात नवी.

उपयोगी कसोटी वेगळी आहे. गाडीत काय मागाहून बसवता येतं आणि काय कधीच बसवता येत नाही, हे आधी वेगळं करावं. मागाहून येणाऱ्या गोष्टींसाठी नवी गाडी घेणं हा महागडा मार्ग आहे. आणि जी गोष्ट कोणत्याच गॅरेजात मिळत नाही, तिची गरज असेल तर जुन्या गाडीवर कितीही पैसा ओतला तरी तो वाया जातो.

पहिली यादी बरीच लांब आहे. टायर, पाटे, शॉकअप, क्लच प्लेट, सीट, एसी, नवं हूड, विंच. इंजिन खोलून रिंग-पिस्टन नवे करता येतात, गिअरबॉक्स उघडता येतो, कुजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो. 2015च्या सुधारित थारमध्ये मागच्या एक्सलला आपोआप लॉक होणारं डिफरेन्शियल आलं. त्याआधीच्या गाडीत नसेल तर तेही बसवून घेणारे आहेत. एक अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचं सांगणं सरळ आहे. कारखान्याने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत मालकाने परस्पर बदल करायचा नाही. पुढच्या लोखंडी गार्डवर तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बंदी घातली. म्हणजे मूळ अवस्थेला नेणारी दुरुस्ती कायद्यात बसते, गाडीचं रूप पालटणारी बसत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं हेच तपासते.

दुसरी यादी लहान आहे, पण जड आहे. गाडीचा सांगाडा धडकेचा जोर कुठे झेलतो आणि माणसांभोवतीची जागा किती शाबूत ठेवतो, हे कारखान्यातच ठरतं. एअरबॅग, तिचे सेन्सर, स्टिअरिंगचा दांडा आणि पट्टा ही एकमेकांशी जुळवलेली यंत्रणा असते. ती सुटी आणून जोडता येत नाही. वळणावर गाडी घसरू लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी ईएसपी प्रणालीही तशीच. जुन्या थारला साधा एबीएस मिळाला तोही 2019 मध्ये, शेवटच्या 700 गाड्यांच्या आवृत्तीत. तिच्या मागच्या भागात समोरासमोरची बाकं होती. आडवं बसलेल्या माणसाचं शरीर समोरून धडक बसताच कुशीवर फेकलं जातं. पाठ आणि डोकं टेकवायला मागे काही नसतं. नव्या थारला ग्लोबल एनकॅपच्या 2020च्या चाचणीत मोठ्यांच्या आणि मुलांच्याही सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. 2024ची पाच दारांची थार रॉक्स भारत एनकॅपमध्ये पाच ताऱ्यांची ठरली आणि तिच्यात सहा एअरबॅग सरसकट आहेत.

यावर जुन्या गाडीचे चाहते म्हणतात की डोंगरात वेग तो किती असतो. बरोबर आहे, खडकांतून गाडी माणसाच्या चालीनेच जाते आणि तिथे उलटली तरी बहुधा काचा आणि पत्र्यावर निभावतं. पण त्या वाटेपर्यंत पोचायचं कसं? पुण्याहून निघालेली गाडी कच्च्या वाटेवर दोन-तीन तास असेल, तर जाता-येता तेवढाच वेळ किंवा जास्तच महामार्गावर असते. तिथे शेजारून कंटेनर जात असतात, रात्री परतताना पाऊस असतो आणि चालवणारा दिवसभर दमलेला असतो. ऑफरोड गाडीचा खरा धोका डांबरावर आहे. ही गोष्ट या चर्चेत सर्वांत कमी बोलली जाते आणि तिलाच सर्वांत जास्त वजन द्यायला हवं.

मग सगळ्यांनीच जुनी विकावी का? नाही. याचं चांगलं उदाहरण भारतीय लष्कराचं आहे. डिसेंबर 1985 मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी लष्कराने अनेक दशकं वापरली. वजन टनाच्या आसपास, दोन्ही एक्सल अखंड, चारही चाकांना पाटे, पेट्रोल इंजिन, आणि जवानांना उघडून जोडता येईल इतकी सोपी रचना. पुढे 800 किलो भार वाहणारी, टणक छताची, वातानुकूलित गाडी हवी अशी गरज लष्कराने मांडली आणि 2017 मध्ये 3,192 टाटा सफारी स्टॉर्म गाड्यांचा करार झाला. तरीही जिप्सी एका फटक्यात हद्दपार झाली नाही. नागरिकांसाठी तिची विक्री थांबल्यानंतरही, 2020 मध्ये, लष्कराला नव्या जिप्सींचा पुरवठा होतच होता. जड काम एका गाडीला, हलकं काम दुसरीला. ताडोब्याच्या वाटांवर पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या जिप्सींचंही तेच. मोकळी, हलकी, फारसा आवाज न करणारी आणि ठरलेल्या वाटेवर संथ चालणारी गाडी त्या कामाला चपखल बसते. तीच गाडी चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर रोज पळवायची असती तर उत्तर निराळं आलं असतं.

म्हणजे प्रश्न कामाचा आहे. शेतावर, फार्महाउसवर, कोकणातल्या वाडीवर राहणारी, गावाच्या हद्दीतच फिरणारी जुनी थार किंवा एमएम 540 बदलण्याची काही गरज नाही. नवी डिझेल गाडी तिथे उलट त्रासाची ठरू शकते. बीएस-6 डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला त्याला सुमारे 600 अंश तापमान लागतं, आणि ते मिळतं गाडी काही काळ सलग वेगाने चालली तर. रोज घरापासून बागेपर्यंत चार किलोमीटर रांगणाऱ्या गाडीचा डीपीएफ भरत जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. जुन्या गाडीतल्या उणिवांसारखाच हाही नव्या गाडीचा न बदलणारा भाग आहे. तो काढून टाकणं बेकायदा आहे आणि हवेच्या दृष्टीने वाईटही.

आकारही बदलता येत नाही. रॉक्सच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2850 मिलिमीटर आहे, तीन दारांच्या थारपेक्षा 400 मिलिमीटर जास्त. मागे बसणाऱ्यांना त्याचं सुख मोठं, पण मधेच उंचवटा आला की लांब गाडीचं पोट टेकतं आणि घाटातल्या अरुंद वळणावर एका दमात न वळता मागे-पुढे करावं लागतं. कुटुंबासाठी रॉक्स आणि डोंगरासाठी लहान थार, असं या दोघींचं काम उघड वाटलेलं आहे.

आणखी एक ठिकाण असं आहे जिथे लोक नकळत चुकीची अदलाबदल करतात. जानेवारी 2023 मध्ये थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आली, 1.5 लिटर डिझेल इंजिनासह. सप्टेंबर 2025च्या जीएसटी बदलानंतर चार मीटरच्या आतल्या आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना 18 टक्के कर लागू झाला, मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना 40 टक्के. त्यामुळे फोर बाय फोर नसलेली थार बरीच स्वस्त पडते. दिसायला ती तीच आहे. पण जुनी फोर बाय फोर विकून ही घेतली तर भाताच्या खाचराकडेच्या चिखलात टोचन लावायला दुसऱ्याला फोन करावा लागेल. शहरात वापरायला ती उत्तम गाडी आहे, हे मान्यच. जुन्या जीपची जागा मात्र ती घेत नाही.

गाडीइतकीच चालवणाऱ्याच्या कौशल्याची गोष्टही जरा विस्ताराने बोलण्यासारखी आहे. एका एक्सलवरचं एक चाक हवेत लटकलं की साधं डिफरेन्शियल सगळी फिरकी त्या मोकळ्या चाकालाच देतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म राहतं. जुना चालक अशा वेळी खाली उतरतो, चाकाखाली दगड रचतो, वाट दुसऱ्या कोनातून घेतो किंवा आधीच बेताचा वेग ठेवतो. लॉक होणारं डिफरेन्शियल दोन चाकांच्या फिरण्यात ठरावीक फरक पडला की स्वतःच जुळून बसतं. ईएसपीवर आधारलेली यंत्रणा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते. यामुळे नवखा माणूसही पहिल्याच पावसाळ्यात अवघड चढ चढून जातो. कुणी म्हणेल की यात शिकणं हरवलं. पण वाट वाचायची, कुठे थांबायचं हे ओळखायचं, पाण्याचा जोर पाहून माघारी वळायचं, हे कोणतीच यंत्रणा करून देत नाही. नव्या थारसाठी कंपनीने पाण्याची मर्यादा 650 मिलिमीटर सांगितली आहे. ती साठलेल्या पाण्याची मर्यादा, वाहत्या पुराची नव्हे. जुन्या जीपवर हात बसलेल्या माणसाला हा फरक अंगवळणी पडलेला असतो, आणि तो नव्या गाडीतही त्याच्याबरोबर येतो.

पैशाचा हिशोब त्यामानाने सरळ आहे. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या डिझेल गाडीवर रस्ते कर 14 टक्के. 15 लाखांची गाडी घेतली तर नुसता करच 2 लाख 10 हजार. त्याउलट पंधरा वर्षांनंतर जुन्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं आणि त्याचं शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये आहे. वीस वर्षं उलटली की 2025च्या नियमानुसार 10,000. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि योग्यता तपासणी. कागदांचा खर्च जुन्या गाडीला पेलण्यासारखा आहे. नवी घेणाऱ्याने ‘जुनीचा खर्च परवडेना’ हे कारण देण्याआधी गेल्या काही वर्षांची गॅरेजची बिलं एकदा बेरीज करून पाहावीत. सहसा कारण दुसरंच निघतं.

मात्र एक तपासणी सगळ्यांत आधी हवी. गाडी रॅम्पवर चढवून चासी पाहणं. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि सह्याद्रीच्या पावसात राहिलेल्या गाडीचा पत्रा चकचकीत असू शकतो आणि खाली चासीच्या पोकळीत, पाट्यांच्या शॅकलजवळ, क्रॉस मेंबरच्या जोडांत गंज खोल गेलेला असतो. हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द आला किंवा पापुद्रे निघाले तर इंजिन नवं करण्यात अर्थ नाही. गाडीची ओळखच चासी नंबरवर असल्यामुळे ती बदलणं म्हणजे आरटीओच्या परवानगीचा वेगळा खटाटोप. चासी धडधाकट असेल आणि गाडी संथ, जवळच्या कामाला असेल, तर ती ठेवावी, मनापासून दुरुस्त करावी. घरात लहान मुलं असतील, हीच एकमेव गाडी असेल आणि वर्षातून अनेकदा महामार्ग गाठायचा असेल, तर ती कितीही प्रिय असली तरी बदलावी. ज्यांना दोन गाड्या ठेवायची जागा आहे, त्यांनी प्रवासाला साधी सुरक्षित मोटार घ्यावी आणि जीप डोंगरापुरती राखावी. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत एकाच पार्किंगवर भागवावं लागणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांचा निर्णय म्हणूनच खरोखर अवघड असतो.

विकायचं ठरलं तर शेवटचं काम उरतं. सुरक्षित गाडीच्या ओढीने विकलेली जुनी जीप रस्त्यावरून नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कुणाकडे जाते, बहुधा कमी पैसे असलेल्याकडे, आणि तिच्या मागच्या बाकांवर कुणाची तरी मुलं बसतात. गिऱ्हाइकाला चासीवरचं वेल्डिंग दाखवणं आणि मागे माणसं घेऊन महामार्गावर जाऊ नकोस असं स्पष्ट सांगणं विकणाऱ्याच्या हातात आहे. किंमत त्याने थोडी कमी येईल. फॉर्म 29 आणि 30 भरून आरसीवर नव्या मालकाचं नाव चढेपर्यंत पाठपुरावाही त्यालाच करायचा आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या मालकावरच येते.