नागा लोकांस कोणी विचारले?

नागा लोक बहुतेक ख्रिस्ती असता त्यांच्या डोंगरांत इतकी वर्षे बंदुकीचा आवाज का होत राहिला, असा प्रश्न आमच्या मंडळ्यांतील कित्येक बंधु विचारितात. त्यावर दोन सोपी उत्तरे ठरलेली आहेत. ते लोक देशाशी बेइमान आहेत, सबब त्यांचे ऐकावयाचे कारण नाही, हे एक. ते आपल्या धर्माचे आहेत, तेव्हा त्यांची बाजू तीच आपली बाजू, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे विचार टाळण्याकरिता दिलेली असतात असे आम्हांस वाटते. खरा प्रश्न असा आहे की, ‘आमचे काय व्हावे हे आम्हांस विचारा’ असे म्हणणे एखाद्या लोकसमूहास शोभते काय, आणि शोभत असेल तर त्याने ते कोणत्या रीतीने म्हणावे.

नागा म्हणजे एक जात नव्हे. अंगामी, आओ, सेमा, लोथा, कोन्याक, तांगखुल अशा अनेक जमातींस मिळून हे नाव आहे. प्रत्येकीची भाषा निराळी, आणि पूर्वी बहुतेक गाव म्हणजे आपापल्यापुरते एक राज्यच होते. 1826 साली यांदाबो येथे इंग्रज कंपनी व ब्रह्मदेशचा राजा यांच्यात तह झाला, आणि आसाम व मणिपूर यांवरचा हक्क त्या राजाने सोडला. मध्ये जे डोंगर होते त्यांत राहणाऱ्यांस ह्या तहाची वार्ताही कोणी दिली नाही. पुढे इंग्रजांनी बळाने पश्चिमेकडील गावे घेतली; 1879 साली खोनोमा गावाने मोठी झुंज दिली, पण ती टिकली नाही. 1937 साली ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा केला गेला, तेव्हा डोंगराच्या शिरोभागावरून आखलेली रेघ दोन मुलुखांमधील सीमा झाली. आज हे लोक नागालँड, मणिपूर, आसाम व अरुणाचल ह्या चार राज्यांत आणि पलीकडे म्यानमारात वाटले गेले आहेत. नकाशावर रेघ ओढणाराची चूक पुष्कळदा लबाडीची नसते, बेपर्वाईची असते. पण जिच्या घरावरून रेघ जाते तिला त्या भेदाने काय समाधान?

शुभवर्तमान त्या डोंगरांत कसे गेले हे आमच्या प्रचारक बंधूंनी मुद्दाम लक्षात ठेवावे. क्लार्क साहेबांचे नाव सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यांच्या अगोदर 1871 साली गोधुला नावाचा एक आसामी शिक्षक आओ लोकांच्या गावी एकटा गेला. हा कंपनीचा हेर असावा असे समजून लोकांनी त्यास एका झोपडीत पहाऱ्यात ठेविले. तो तेथे बसून भजने गात राहिला, आणि लोक ऐकावयास जमू लागले. पुढच्या वर्षी त्या गावचे नऊ जण शिवसागरास येऊन बाप्तिस्मा घेते झाले. गोधुलाजवळ बंदूक नव्हती, हुकूम नव्हता, आणि गावाने ‘नको’ म्हटले असते तर परत फिरण्यावाचून त्यास गत्यंतर नव्हते. पाहुणा म्हणून गेलेला मनुष्य, आणि धनी म्हणून गेलेला मनुष्य, यांतील फरक त्या गावास पहिल्या आठवड्यातच कळला असावा.

1929 साली सायमन कमिशन कोहिमास आले असता नागा क्लबाने त्याजपुढे अर्ज ठेविला. पुढील सुधारणांत आम्हांस ओढू नये, पूर्वी होतो तसे आमचे आम्हांस राहू द्यावे, असा त्याचा आशय होता. जून 1947 मध्ये आसामचे गव्हर्नर सर अकबर हैदरी यांनी नागा राष्ट्रीय परिषदेशी नऊ कलमांचा करार केला. त्याचे शेवटचे कलम सगळ्या वादाचे मूळ ठरले. दहा वर्षे झाल्यावर हाच करार पुढे चालवावा की नवा करावा, हे परिषदेस विचारण्यात येईल, असे त्यात होते. नागांनी त्याचा अर्थ केला की, तेव्हा आम्ही पाहिजे तर वेगळे होऊ. सरकारने अर्थ केला की, देशात राहूनच नवी व्यवस्था ठरेल. विचारावयाचे, इतके दोघांसही मान्य होते. उत्तर काय असू शकेल याविषयी मात्र दोघांच्या मनात दोन गोष्टी होत्या, आणि त्या उघड बोलल्या गेल्या नाहीत. त्याच जुलैत नागांचे काही पुढारी दिल्लीस गांधीजींस भेटले. कोणासही जबरदस्तीने संघराज्यात घेऊ नये असेच त्यांचे मत पडले. 14 ऑगस्टला परिषदेने स्वातंत्र्य जाहीर केले. 1951 साली स्वतःचे सार्वमत घेऊन जवळजवळ सर्वच मते स्वातंत्र्यास पडली असे सांगितले. सरकारने ते मानले नाही.

राज्यकर्त्यांची अडचण खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. फाळणीचे रक्त वाळले नव्हते. शेकडो भाषांचा व जातींचा देश एकत्र बांधावयाचा होता. एकास जाऊ दिले तर दुसरा उठेल ही भीती बाळगावी असाच तो काळ होता. परंतु भीतीने कान बंद होतात. मार्च 1953 मध्ये पंडित नेहरू व ब्रह्मदेशचे पंतप्रधान ऊ नू एकत्र कोहिमास आले. ज्या दोन देशांत हे लोक वाटले गेले होते त्यांचे मुख्य प्रधान एकाच व्यासपीठावर! नागांनी निवेदन द्यावयाचे योजिले होते. स्थानिक अधिकाऱ्याने परवानगी दिली नाही. तेव्हा जमलेली मंडळी उठून चालती झाली. एक कागद घेतला असता तर काय बिघडते? त्यानंतर दोन-तीन वर्षांतच डोंगरांत फौज गेली, गावे उठवून एकत्र कोंडली गेली, धान्याची कोठारे जळाली. आणि 1958 साली फौजेस विशेष अधिकार देणारा कायदा झाला.

आमच्या गावांत भावाभावांची वाटणी होते तेव्हा पंच बसतात. पंच शहाणे असले तर धाकट्यास विचारल्यावाचून बांध घालीत नाहीत. कारण न विचारता घातलेला बांध पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. नाबोथाची गोष्ट आपण मुलांस शिकवितो. अहाब राजाने त्यास द्राक्षमळ्याचा मोबदला चांगलाच देऊ केला होता, हे सांगावयाचे आपण विसरतो. मोबदल्यात खोट नव्हती. नाबोथाचे ‘नाही’ राजास सोसले नाही, हे त्या गोष्टीतील पाप. नागालँडास दिल्लीहून पुष्कळ पैसा मिळतो, मग तक्रार कसली, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट पुनः वाचावी.

पण हीच गोष्ट नागांनीही वाचावयास पाहिजे. टी. साखरी हे परिषदेचे चिटणीस. परिषदेचे अध्यक्ष फिझो यांच्याच खोनोमा गावचे. शस्त्राने जाऊ नये, असे ते म्हणू लागले. जानेवारी 1956 मध्ये त्यांस पळवून नेऊन ठार करण्यात आले. त्यानंतर इम्कोंग्लिबा आओ यांनी बोलणी करून देशातच वेगळ्या राज्याची वाट काढिली. ऑगस्ट 1961 मध्ये त्यांस गोळी घालण्यात आली. राज्य 1963 च्या डिसेंबरात झाले खरे, पण ते पाहावयास ते उरले नाहीत. ज्या चळवळीचे सारे म्हणणे ‘आमचे मत घ्या’ एवढेच होते, तिला आपल्याच चिटणीसाचे मत सोसवू नये, ह्याहून शोचनीय ते काय? पुढे पुढे तर ख्रिस्ताचे नाव घोषवाक्यात घालून बंधूने बंधूवर बंदूक रोखली. त्या नावाचा असा उपयोग आम्हांस शिवीपेक्षा अधिक झोंबतो.

आता एक वर्ष असे सांगतो की, ज्याच्याकडे पाहून आम्हांस धीर येतो. 1964 च्या आरंभी नागालँडच्या बाप्तिस्त मंडळ्यांची परिषद वोखा येथे भरली, आणि दोन्ही पक्षांचा विश्वास बसेल अशा माणसांस मध्यस्थीस बोलवावे असे तिने ठरविले. तिघे आले: सर्वोदयाचे जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा, आणि आफ्रिकेत काळ्या लोकांच्या न्यायाकरिता झगडलेले पाद्री मायकेल स्कॉट. एक हिंदी पुढारी, एक शेजारी प्रांताचा कारभारी, एक विलायती पाळक. असा जोड कोणी सहज सुचविला नसता. 6 सप्टेंबर 1964 रोजी, रविवारी, तोफा-बंदुका थांबल्या. त्यानंतर डिसेंबरात ह्या शांतिमंडळाने जी सूचना लिहिली ती आमच्या मते ह्या सर्व इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेली गोष्ट होय. आपले भवितव्य ठरविण्याचा नागांचा हक्क मंडळाने खोडून काढिला नाही, आणि देश मोडू नये ही सरकारची काळजीही हसण्यावारी नेली नाही. नागांनी आपल्याच खुशीने संघराज्यात भागीदार व्हावयाचे ठरवावे, आणि त्यांच्या आकांक्षा पुऱ्या होतील असा संबंधाचा आकार बदलता येईल काय ते सरकारने पाहावे, असा तिचा मतलब. ‘खुशीने’ ह्या एका शब्दावर सगळा भार होता. ज्यास नाही म्हणता येते त्याच्याच होकारास किंमत. म्हणून त्या शब्दाने सरकारास काही सोडावयास लाविले व नागांसही.

हे जुळले नाही. पंतप्रधानांशी बोलण्याच्या फेऱ्या झाल्या, पण 1966 साली मंडळ मोडले, आणि 1972 साली शस्त्रसंधीही संपली. तथापि त्या आठ वर्षांत शेते पेरली गेली, लग्ने झाली, मुले शाळेत गेली. एवढे हाती लागले तरी मध्यस्थी फुकट गेली असे कोणी म्हणू नये.

1975 चा शिलाँग करार काहींनी केला व काहींनी झिडकारला. झिडकारणारांनी 1980 साली नवी संघटना काढिली, आणि 1988 साली तीही फुटली. मग भावाभावांत जे झाले ते लिहावयास लेखणी धजत नाही. 2008 पासून रेव्हरंड वाती आयेर व त्यांचे सोबती ह्या फुटलेल्या पक्षांस एकत्र बसवू लागले. प्रथम स्वदेशी नव्हे, तर थायलंडातील चिआंग माई येथे, कारण घरी एकमेकांच्या सावलीचाही विश्वास नव्हता. जून 2009 मध्ये तीन पक्षांच्या पुढाऱ्यांनी समेटाच्या करारावर सह्या केल्या. सर्व वैर त्याने संपले नाही. तरी एसावास भेटावयास निघालेला याकोब जसा भीतभीत गेला तसे हे लोक गेले, आणि गेले हे महत्त्वाचे.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. नागा ज्या डोंगरांस आपले म्हणतात त्यांतील कित्येकांत कुकी लोकही राहतात, तेही ख्रिस्ती. 1990 नंतरच्या दशकात मणिपुरात ह्या दोघांत मोठी कत्तल झाली. जून 2001 मध्ये नागांशी केलेली शस्त्रसंधी मणिपुरातही लागू केल्याचे जाहीर होताच, आमचे राज्य आता तुटणार ह्या भयाने इंफाळात मैतेई लोक उसळले व गोळीबारात अठरा जण पडले. एकाच्या हक्काची रेघ दुसऱ्याच्या चुलीवरून जाते. तेव्हा ‘आम्हांस विचारा’ असे म्हणणाराने शेजाऱ्यासही विचारले पाहिजे. नाही तर यांदाबोचाच तह लहान अक्षरांत पुनः लिहिला जाईल.

ह्या संबंधात आमच्या मुलुखातील एका मनुष्याचे नाव घेतो. डहाणूचे नटवर ठक्कर हे तेविसाव्या वर्षी, 1955 साली, म्हणजे ऐन धामधुमीत, आओ लोकांच्या चुचुयिमलांग गावी गेले व तेथे गांधी आश्रम काढून बसले. लेंतिना आओ ह्या नागा बाईंशी त्यांनी विवाह केला. ते ख्रिस्ती नव्हते. तरी 2018 साली मरेपर्यंत त्यांनी तो मुलुख सोडिला नाही. गोधुलाप्रमाणे तेही पाहुणे म्हणून गेले होते.

1997 पासून सरकार व मुख्य नागा पक्ष यांच्यात शस्त्रसंधी आहे. ऑगस्ट 2015 मध्ये चौकटीचा करार झाला. वेगळे निशाण व वेगळी घटना ह्यांवर पुढे गाडे अडले, आणि त्या करारास दहा वर्षे झाली तरी शेवटचा तह हाती आला नव्हता. मधल्या काळात, 4 डिसेंबर 2021 रोजी, मोन जिल्ह्यातील ओटिंगजवळ खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर फौजेने चुकीने गोळ्या झाडल्या. त्यात व त्यानंतरच्या दंगलीत मिळून चौदा गावकरी मेले.

त्याच जिल्ह्यात सीमेवर लोंगवा नावाचा गाव आहे. देशांची सीमा तेथील राजाच्या, ज्यास ते आंग म्हणतात त्याच्या, घरातून जाते, आणि गावकऱ्यांची शेते दोहों बाजूंस आहेत. सीमेलगतच्या लोकांस सोळा किलोमीटरपर्यंत व्हिसावाचून ये-जा करण्याची मुभा होती. फेब्रुवारी 2024 मध्ये ती मुभा काढून घेण्याचे व सीमेस कुंपण घालण्याचे सरकारने जाहीर केले. पुढच्याच महिन्यात नागालँडच्या विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला. कुंपणाची गरज सरकारास का वाटते हे आम्ही समजू शकतो. परंतु लोंगव्यात पहिला खांब रोवण्यापूर्वी कोणी अधिकाऱ्याने त्या घरात जाऊन चुलीपाशी बसावे, गावच्या वडील मंडळींस बोलवावे, आणि खांब कोठे रोवू, की रोवूच नको, हे त्यांस विचारावे.