घड्याळाचे मॉर्फिन, हंगामाचा पैसा

स्कॉटलंडमधल्या काही डॉक्टरांनी १९९९ साली एक हिशेब छापला. धर्मादाय संस्थांसाठी पैसे जमवायचे म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच पॅराशूटने उडी मारणारे हौशी लोक त्यांच्याकडे मोडके घोटे आणि पाठीचे मणके घेऊन येत. पाच वर्षांतल्या या जखमींची नोंद तपासली, तेव्हा दिसले की उडी मारणाऱ्यांपैकी ११ टक्के जायबंदी झाले होते. माणशी जमलेले दान ३० पौंड होते आणि एकेका जखमीवर सरासरी ३,७५१ पौंड खर्च झाला होता. दानातल्या प्रत्येक पौंडामागे सरकारी आरोग्यसेवेचे पावणेचौदा पौंड गेले.

यावर हसणे सोपे आहे. पण मुळात उडी कशाला हवी? तीस पौंड द्यायचे तर घरी बसून देता येतात. ख्रिस्तोफर ओलिव्होला आणि एल्डार शफीर या अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रयोगांतून दाखवले की दान देण्यासाठी स्वतःला कष्ट किंवा वेदना सोसाव्या लागणार असतील, तर माणसे हात जास्त सैल सोडतात. दानाचे कारण माणसांच्या दुःखाशी निगडित असेल, तर हा परिणाम अधिक ठळक दिसतो. आपल्याला यात नवल वाटू नये. अनवाणी चालणे, लोटांगण घालत देवळापर्यंत जाणे आपण पाहिलेले असते. फरक इतकाच, की नवस बोलणारा आणि देव यांच्यामध्ये तिसरा कोणी नसतो. इथे शेजारी मैलामागे किती देणार ते आधी ठरवतो आणि देवाच्या जागी त्या पैशातून मिळणारा नर्सचा पगार असतो.

ब्रिटनमधल्या हॉस्पिसचे, म्हणजे मरणाऱ्यांची काळजी घेणाऱ्या संस्थांचे, अर्थकारण पाहिले की हे नुसते मानसशास्त्राचे कुतूहल उरत नाही. प्रौढांच्या हॉस्पिसना साधारण एक तृतीयांश पैसा सरकारकडून मिळतो. बाकीचा मृत्युपत्रातल्या देणग्या, जुन्या वस्तूंची दुकाने, सोडती आणि धावणारी, चालणारी, सायकल मारणारी माणसे यांतून येतो. गावोगावची हॉस्पिस रात्रीच्या पदयात्रा भरवतात; गेलेल्या आईचे, नवऱ्याचे नाव पाठीवर लावून माणसे मध्यरात्री शहरभर चालतात. २०२४ च्या लंडन मॅरेथॉनमधून निरनिराळ्या संस्थांसाठी मिळून ७ कोटी ३५ लाख पौंड जमले. अशा शर्यतीतली जागा अनेक संस्था विकत घेतात आणि ठरावीक रक्कम जमवायचे वचन देणाऱ्या धावपटूला देतात.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवातही देणगीतूनच झाली. पोलंडहून आलेला डेव्हिड टास्मा हा ज्यू वेटर १९४८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या रुग्णालयात कर्करोगाने वारला. जाताना त्याने मरणाऱ्यांसाठी घर उभारू पाहणाऱ्या सिसिली साँडर्स यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले. तुम्ही उभारणार त्या घराची एक खिडकी माझी, असे त्याने म्हटल्याचे त्या सांगत. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि मरणाऱ्यांची खोली मात्र तिच्या आराखड्याबाहेर राहिली. साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर. टास्माच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी, १९६७ मध्ये, त्यांनी दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केले, तेही जाणूनबुजून सरकारी चौकटीच्या बाहेर. नवीन पद्धती आजमावायला त्यांना मोकळीक हवी होती.

त्यांच्या पद्धतीचा गाभा साधा होता. दुखायला लागल्यावर, रुग्णाने विनवण्या केल्यावर औषध द्यायचे नाही. मॉर्फिन ठरल्या वेळी, वेदना परत यायच्या आधीच द्यायचे. रुग्णाला मागावे लागू नये, मागण्याची धास्तीच राहू नये. आज ती जागतिक रीत आहे. मला खटकते ते इथे. ज्या सेवेने औषधाला याचनेतून सोडवले, तिला स्वतःला मात्र दर वसंतात, दर सप्टेंबरात याचनाच करावी लागते. धावपटू आले तर पगार सुटतात. गेल्या काही वर्षांत पगार आणि विजेची बिले वाढली आणि अनेक हॉस्पिसना खाटा कमी कराव्या लागल्या. २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अशी सेवा पुरवण्याची व्यवस्था करणे आरोग्य मंडळांचे कर्तव्य ठरले, पण किती पैसे द्यायचे ते बंधन त्यात नाही. आणि संपन्न उपनगरातला धावपटू जितके मित्र गोळा करील, तितके बंद पडलेल्या खाणीच्या गावातला करणार नाही, याला अभ्यासाची गरज नाही.

मग या शर्यती बंद कराव्यात? मुळीच नाही. तिथे पैशांखेरीज आणखी काहीतरी घडते आणि त्याची थट्टा करणारे लोक बहुधा शोकातून गेलेले नसतात. आजारपणात महिनोन्महिने धावपळ केलेल्या माणसाच्या हाताला अंत्यविधीनंतर एकदम काम उरत नाही. आपल्याकडे तेरा दिवस विधींनी भरलेले असतात. लंडनच्या उपनगरात बहुतेकांना तेवढेही मिळत नाही. सराव, फोड आलेले पाय, अंतर मोजणे, जमलेल्या रकमेचा आकडा चढताना पाहणे ही शोकाला मिळालेली मजुरी आहे. ती कोणी हिरावू नये. फक्त तिच्यावर रात्रपाळीच्या नर्सचा पगार टांगून ठेवू नये.

केरळचा रस्ता म्हणून मला अधिक विचारपूर्वक वाटतो. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशामक उपचारांचे केंद्र निघाले, मलप्पुरमच्या परिसरात शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी उभी राहिली, आणि गावातल्याच लोकांकडून लहान लहान रकमा नियमित येत राहिल्या. २००८ मध्ये राज्य सरकारने धोरण केले आणि घरी जाऊन पाहणाऱ्या परिचारिकांची जबाबदारी पंचायतींकडे गेली. तिथेही अडचणी आहेत. पण दान आणि सरकार यांनी एकमेकांची जागा घेतली नाही. वाटणी करून घेतली. आपल्याकडे वांद्र्याला शांती अवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ पासून आहे, मुंबई मॅरेथॉन २००४ पासून संस्थांसाठी पैसे जमवते, आणि ती पद्धत बरीचशी लंडनचीच आहे. घ्यायचीच असेल तर तिच्या मर्यादेसकट घ्यावी.

पगार, औषधे, घरभेटीचे वाहन हे सरकारकडून, ठरलेल्या तारखेला. बाग, केस कापायला येणारा न्हावी, रुग्णाला समुद्र दाखवायला नेणारी गाडी, मागे राहिलेल्या मुलांसाठी समुपदेशक हे सगळे चालणाऱ्यांकडून. सरकारी पैसा आला की साँडर्स यांना हवी होती ती मोकळीक जाईल, हा आक्षेप खरा आहे, आणि करारातल्या शब्दांवर भांडत राहूनच तो मिटवावा लागेल. पगाराची हमी मिळाली की लोक धावायला कमी येतील, असेही कोणी म्हणेल. येतील कदाचित कमी. ज्यांना आईसाठी चालायचे आहे, ते तरी येतीलच.