ध्यानाची बैठक आणि संघाची सोबत

मुंबईच्या उपनगरांत बौद्ध ध्यानसाधनेकडे वळणाऱ्या नवख्या माणसापुढे प्रामुख्याने दोन दारे असतात. एक वस्तीतल्या बुद्धविहाराचे आणि दुसरे विपश्यना शिबिराचे. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत दोन्ही हाताशी आहेत. दोन्हीकडे सुरुवात त्रिशरण आणि पंचशीलानेच होते, तरी नवागताला येणारा अनुभव अगदी निराळा असतो. विहारात आधी माणसे भेटतात आणि ध्यान मागाहून येते, कधी येतही नाही. शिबिरात पहिल्या दिवसापासून ध्यान असते, पण शेजारी बसलेल्याचे नाव दहाव्या दिवशी कळते. हा फरक माहीत नसला की अपेक्षाभंग होतो आणि पुष्कळ जण महिन्याभरात गळतात.

साधना आणि सोबत यांची अशी वाटणी मूळ परंपरेत नव्हती. त्याचा पुरावा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातच आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. त्यांतली बहुतेक लहान आहेत: एक खोली, तिच्यात दगडी ओटा, बाहेर पाण्याचे टाके. भिक्षूने एकट्याने राहावे, एकट्याने बसावे, अशी ही सोय. पण त्याच डोंगरात सगळ्यांनी मिळून वंदना करण्यासाठी तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह आहे, आणि अकराव्या लेण्यात समोरासमोर बसण्यासाठी दोन लांबलचक दगडी बाक कोरलेले आहेत. शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. पाण्याचे टाके देणारा कल्याणचा सोनार आणि डोंगरावर वाट करून देणारा कल्याणचाच लोहार त्यांत भेटतात. एकांत, समूह आणि संसारी माणसाचा हातभार ही तिन्ही अंगे तिथे एकाच जागी नांदत होती.

आजचे विहार मात्र दुसऱ्याच इतिहासातून उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर चाळींतून, झोपडपट्ट्यांतून लोकांनी वर्गणी काढून विहार बांधले. पुनर्विकासात वस्ती पाडून इमारत झाली, तर तळमजल्यावरच्या एखाद्या खोलीत विहार पुन्हा मांडला जातो. रविवारी सकाळी चपला बाहेर काढून लोक सतरंजीवर बसतात, पुष्कळांच्या अंगावर पांढरे कपडे असतात. समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, अगरबत्ती आणि फुले. पालीतून वंदना झाली की एखादे छोटे प्रवचन होते. मग जयंतीची वर्गणी, कुणाच्या मुलीचे लग्न, दहावीच्या मुलांचा सत्कार असे विषय निघतात. आषाढ पौर्णिमेपासून सुरू होणाऱ्या वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे रोज थोडे थोडे वाचन होते आणि पौर्णिमेला खीर वाटली जाते. नवागताला पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘कुठं राहता?’ असे विचारते, आणि तिसऱ्या रविवारी त्याच्या हाती खीर वाढायचा डाव येतो.

ध्यानाला मात्र इथे बहुधा पाच-दहा मिनिटेच मिळतात. याचे कारण उदासीनता नव्हे. बाबासाहेबांच्या मांडणीत धम्माची कसोटी माणसामाणसांतल्या व्यवहारावर लागते. भिक्षू हा केवळ परिपूर्ण माणूस व्हायचा आहे की समाजसेवक, हा प्रश्न त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच उपस्थित केला. शिवाय ज्यांना विहार बांधावे लागले, त्यांच्यासाठी ती आधी सन्मानाची जागा होती. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. अशा वस्तीत समूह म्हणून एकत्र बसणे हीच एक निकड असते.

विपश्यनेची वाट ब्रह्मदेशातून आली. मंडालेत जन्मलेले उद्योजक सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले. जुलै १९६९ मध्ये त्यांनी मुंबईत एका धर्मशाळेत भारतातले पहिले शिबिर घेतले, तेव्हा साधक होते १४. पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभे राहिले, आणि बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईला जागतिक विपश्यना पॅगोडा. ८ फेब्रुवारी २००९ रोजी उद्घाटन झालेल्या या पॅगोड्याच्या घुमटाला आधाराचा एकही खांब नाही, आणि त्याखाली सुमारे आठ हजार माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. त्याच आवारात धम्मपत्तन हे निवासी शिबिराचे केंद्र आहे.

नवागताला दहा दिवसांच्या शिबिरापासूनच सुरुवात करावी लागते. फोन, वही, पुस्तक, जपमाळ सगळे बाजूला ठेवायचे आणि आर्यमौन पाळायचे, म्हणजे इतर साधकांशी बोलायचे नाही. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला पहिली बैठक, रात्री साडेनऊला दिवे बंद. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात: डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना समतेने निरखायच्या. त्यानंतर दिवसातून तीनदा तासभर न हलता बसण्याचे अधिष्ठान असते. पहिल्या वीस मिनिटांतच पायाला मुंग्या येतात, गुडघा ठणकू लागतो आणि मन हिशेब, भांडणे, उद्याची लोकल असे कुठेही भटकते. खरा धडा तिथेच सुरू होतो. दुखणे आहे, पण त्यावर चिडणे हे वेगळे काम आहे, हे दोन-चार दिवसांत अंगाला कळते. दहाव्या दिवशी मैत्री भावना, म्हणजे सर्वांबद्दल सद्भाव जागवण्याची साधना, होते आणि आर्यमौन सुटते.

शिबिराला शुल्क नसते. दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच घेतात, आणि स्वयंपाकापासून व्यवस्थेपर्यंत जुने साधक धम्मसेवक म्हणून राबतात. जात, धर्म विचारला जात नाही. त्यामुळे बौद्ध म्हणवून न घेणारे गुजराती, मारवाडी, मराठी मध्यमवर्गीयही इथे बिचकत नाहीत. विहारात वाढलेली तरुण मंडळीही मोठ्या संख्येने येतात. पण शिबिर संपले की साधक आपापल्या घरी जातो. त्याने सकाळ-संध्याकाळ तासभर बसावे आणि आठवड्याच्या सामूहिक साधनेला यावे, एवढीच अपेक्षा असते. ही बैठक तासभर चालते आणि ती फक्त जुन्या साधकांसाठी असते. तिथे विचारपूस, सुखदुःख यांना फारशी जागा नसते. श्वासाकडे पाहता पाहता बाहेरच्या अन्यायाकडे पाठ फिरते, हा आंबेडकरी कार्यकर्त्यांपैकी काहींचा आक्षेपही याच जागेवर बोट ठेवतो. त्यावर साधकांचे उत्तर असते की चिडलेल्या मनाने लढलेला लढाही लवकर थकतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

ही दोन टोके जोडण्याचा एक प्रयत्न त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने केला. बाबासाहेबांना भेटलेले इंग्रज भिक्षू संघरक्षित यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये चळवळ सुरू केली. त्यांचे शिष्य लोकमित्र यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती पुण्यात रुजवली. आता ती त्रिरत्न बौद्ध महासंघ या नावाने ओळखली जाते. इथे नवागत आनापानसती आणि मैत्री भावना शिकतो, अभ्यासवर्गात बसतो, भाजे लेण्यांजवळच्या शिबिरांना जातो, आणि धम्ममित्र म्हणून हळूहळू मुरतो. ध्यान, अभ्यास आणि मैत्री यांना इथे सारखेच वजन आहे.

नवागताच्या अडचणी मात्र कुठल्याही दारातून आत गेले तरी बहुतांशी सारख्याच असतात. मन शांत झाले नाही म्हणजे आपण नापास झालो, असे वाटणे ही पहिली. मन भटकले हे ध्यानात येणे हाच सरावाचा भाग आहे, हे कुणी जाणत्याने सांगावे लागते. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असणाऱ्याला खुर्चीवर बसता येते, त्यात कमीपणा नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्याने दीर्घ मौनशिबिर घेऊ नये. शिबिराच्या अर्जातच आरोग्याची माहिती मागतात, ती लपवणे धोक्याचे असते. सगळ्यांत मोठी अडचण घरी येते. शिबिरातला उत्साह विरारची गाडी, रात्रपाळी आणि एका खोलीतला संसार यांच्यापुढे टिकत नाही.

तंत्र दहा दिवसांत शिकता येते, पण वर्षानुवर्षे बसण्याची सवय सोबतीशिवाय जडत नाही. म्हणून ज्या दारातून माणूस आत जातो, त्या दारी जे कमी आहे ते त्याने स्वतः भरून काढावे. विहारात जाणाऱ्याने आणखी दोघा-चौघांना घेऊन रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ध्यानासाठी मागून घ्यावा. विपश्यी साधकाने आठवड्याची सामूहिक साधना चुकवू नये, आणि आपल्याच गल्लीतल्या विहाराची पायरी एकदा तरी चढावी. दोन्ही ठिकाणी प्रवेशाला पैसे पडत नाहीत. फक्त ठरल्या वेळी, ठरल्या जागी जाऊन बसावे लागते.