एकच का?



विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात सहसा प्रश्न कमी आणि जांभया जास्त असतात. गेल्या शिबिरात मात्र एका मुलाने हात वर केला. “फादर, याकोबाला दोन बायका, दावीदाला अनेक, शलमोनाला तर सातशे राण्या. देवाला तेव्हा चालले, मग आम्हालाच एक का?” सगळा हॉल हसला. त्याची होणारी बायको हसली नाही. प्रश्न थट्टेत विचारलेला असला तरी खरा आहे, आणि “ख्रिस्तसभा सांगते म्हणून” एवढे उत्तर त्याला पुरत नाही.

आधी एक कबुली दिली पाहिजे. एक पती, एक पत्नी ही माणसाची उपजत रीत आहे असे आपण धरून चालतो. जगाचा अनुभव तसा नाही. जॉर्ज मर्डॉक या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या समाजांची जी सूची तयार केली, तीत सुमारे १२०० समाज आहेत. त्यांपैकी जेमतेम १५ टक्के समाजांत एकपत्नीत्वाचा नियम आढळतो. बाकी बहुतेक ठिकाणी ज्याला परवडेल त्याने अधिक बायका कराव्यात. शिवाय ही रीत आपणच जगाला दिली, अशी फुशारकीही मारता येत नाही. ग्रीक आणि रोमन लोकांत ख्रिस्तजन्माआधीच एका वेळी एकच कायदेशीर पत्नी असे. जपानने १८९८ च्या नागरी संहितेत आणि चीनने १९५० च्या विवाह कायद्यात हा नियम घातला. हे देश काही ख्रिस्ती नव्हते. आपल्या मुंबई प्रांतात हिंदू पुरुषांच्या दुसऱ्या लग्नाला १९४६ साली बंदी आली, आणि पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशाच्या पातळीवर आली.

इतक्या निरनिराळ्या समाजांना हे का पटले? साधा हिशेब करून पाहा. गावात शंभर मुलगे आणि शंभर मुली आहेत. दहा धनवान वाडीवाल्यांनी प्रत्येकी चार बायका केल्या. आता मुली उरल्या साठ आणि मुलगे नव्वद. म्हणजे तीस तरुण कायमचे बिनलग्नाचे. त्यांना ना घर, ना मूल, ना गमावण्यासारखे काही. जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१२ साली एका निबंधात हेच मांडले : अशा तरुणांची संख्या वाढली की मारामाऱ्या आणि गुन्हे वाढतात, उलट एकपत्नीत्वाचा नियम असला की पुरुष दुसऱ्या लग्नासाठी पैसा साठवण्याऐवजी आहे त्या मुलाबाळांवर खर्च करतो. म्हणून असे समाज टिकले आणि इतरांनी त्यांचे अनुकरण केले.

हे कारण मला पटते, पण त्याने समाधान होत नाही. या हिशेबात मुली रेशनच्या साखरेसारख्या वाटल्या जातात. वाटप न्याय्य आहे, पण ते पुरुषांपुरते. मुलीला काय वाटते, हे त्यात कोणी विचारलेलेच नाही.

ते शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला वाचायला मिळते. एलकानाला दोन बायका. पनिन्नाला मुले आहेत, हन्नाला नाही. पनिन्ना टोचून बोलते, हन्ना रडते आणि जेवत नाही. एलकाना वाईट माणूस नव्हे. त्याचे हन्नावर अधिक प्रेम आहे, तिची तो समजूत घालतो, तरी तिचे दुःख हटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या जात्यावरच्या ओव्यांतली सवत आठवा, म्हणजे हन्नाचे रडणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जुन्या करारात अनेक बायका चालवून घेतल्या आहेत हे खरे, परंतु त्यांतले एकही घर सुखाचे दाखवल्याचे मला तरी आठवत नाही. आणि प्रभू येशूला घटस्फोटाविषयी विचारले तेव्हा तो मोशेच्या सवलतीपाशी थांबला नाही, थेट उत्पत्तीतल्या पहिल्या जोडप्यापर्यंत मागे गेला.

संत थॉमस अक्वायनस यांचा एक युक्तिवाद सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मी परीक्षेपुरता पाठ केला होता; त्याचे वजन कळले ते धर्मग्रामाच्या कार्यालयात बसून जोडप्यांची गाऱ्हाणी ऐकू लागल्यावर. ते म्हणतात, विवाह ही मैत्री आहे, आणि मैत्रीला बरोबरी लागते. पत्नीने एकाचीच व्हायचे आणि पतीने अनेकींचे, तर ती मैत्री उरत नाही, पत्नी दासीसारखी होते. तेराव्या शतकातल्या एका संन्याशाने हे लिहावे याचे मला अजून आश्चर्य वाटते.

रोमन कायद्याची उणीव इथेच होती. कागदावर पत्नी एक, पण घरातल्या दासीकडे मालक गेला तर त्याला व्यभिचार कोणी म्हणत नसे. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना पतीच्या देहावरचा अधिकार पत्नीकडे सोपवला, तसाच तिचा त्याच्याकडे. त्या काळच्या पुरुषांना हे पचायला जडच गेले असणार. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॅटिकनने एकविवाहावर जे निवेदन काढले, त्यातही परस्परांचे होण्यावरच भर आहे.

एवढे बोलून झाल्यावर त्या मुलाच्या शेजारची मुलगी उठली. “फादर, त्यांनी दुसरी बायको केली नाही, पण घरातली एकही गोष्ट मला विचारून ठरवली नाही, तर ती तुम्ही म्हणता ती मैत्री का?” या वेळी कोणी हसले नाही. कायद्याने काही बिघडत नाही, थॉमस मात्र ‘नाही’ म्हणतील, असे मी म्हणालो, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिले. तो वहीत काहीतरी लिहीत होता. पुढच्या महिन्यात त्यांचे लग्न आहे.